बोट क्रमांक सात

बाहेरगावचे विचारायचे, बंडगार्डन म्हणजे
इथे बंड झालं होतं का?
नाही हो, बंधारा आहे.
मग बंदर?
तेही नाही. समुद्र इथून दीडशे किलोमीटर,
आणि आमची मुळा-मुठा निघालीय
बरोब्बर त्याच्याकडे पाठ करून.
तरी आमच्या केबिनवर कुणीतरी नांगर रंगवला होता,
निळ्या ऑइलपेंटनं, जरा वाकडा,
आणि खाली ओळ: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.

तिकीट वीस रुपये, अर्धा तास. उशीर झाल्यास पाच जादा.
शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग उरकून
लातूर-सोलापूरची माणसं यायची सुजलेल्या पायांनी
आणि त्याच पायांनी पुन्हा बोट हाकायची.
हौस.
आठ बोटी. त्यांतले दोन हंस.
एकाची मान सहलीच्या पोरांनी मोडली,
तारूनं पत्रा ठोकून बसवली,
तेव्हापासून तो मागे बघत पोहायचा.

तारू हे आडनाव. गेनू तारू.
तारू म्हणजे गलबत, हे त्याला मीच सांगितलं.
म्हणाला, असेल साहेब,
पण मला पोहता येत नाही.

माझं काम लाउडस्पीकरचं.
तीन नंबर, पुलाखाली थांबू नका.
पाच नंबर, वेळ झाली, परत या.
त्या पुलाखालच्या सावलीतली किती लग्नं
मी माइकवरून लांबणीवर टाकली, देव जाणे,
आणि चष्मा पुसत बसून
किती जमवली.

गुरुवारी वीज नसायची. गिऱ्हाईकही नसायचं.
गुरुवारी कमलिनी घासकडबी यायच्या,
कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला, सुट्टे वीस रुपये.
नियम असा, की एकट्या व्यक्तीस बोट मिळणार नाही.
म्हणून शेजारी तारू.
पॅडल तो मारायचा, हुकूम त्या सोडायच्या:
डावीकडे. अहो, तुमची डावी.
एकदा उतरताना म्हणाल्या,
सायकल चालवल्यासारखी होडी! शी!
मग सांगितलं, कॉलेजात असताना
भावाच्या क्लबातली होडी पहाटे सोडवून
संगमापासून इथवर वल्हवत आणली होती.
शर्यती तेव्हा मुलांच्याच.
मी आपली घड्याळ लावून जिंकले.
कुणाच्या विरुद्ध, असं तारूनं विचारलं.
त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग एका मार्चात जलपर्णी आली
आणि काठाला काठ लागला.
बाहेरगावचे खूश. केवढं मोठं लॉन!
एकानं कुत्र्यासाठी चेंडू फेकला मधोमध.
कुत्रं शहाणं. गेलं नाही.
वरून कागद आला, मी पाटी लावली:
बोटिंग बंद आहे. कारण विचारू नये.
तारूची बदली झाली स्मशानभूमीच्या पंपावर,
हंस उपडे घातले,
सात नंबर तेवढी काठावर सरळ राहिली,
तिच्यात पालापाचोळा, एक बुटाची लेस.

त्या आल्या. पाटी वाचली, सगळी, सावकाश.
वीस रुपये काढले.
बाई, पाणी दिसत नाही, म्हटलं.
म्हणाल्या, मला तिकीट हवंय, पाणी नकोय.
मी फाडलं. नियमाचं आठवलं तेव्हा
केबिन उघडी टाकून शेजारी जाऊन बसलो,
पायाखाली पॅडल गंजलेलं, हलेना.
पण त्यांनी पदर खोचला
आणि दोन्ही हातांनी काहीतरी धरलं, जे तिथे नव्हतं,
पुढे वाकल्या, मागे रेलल्या,
पुन्हा पुढे. पुन्हा.
कपाळावर घाम आला.
मी फक्त डावीकडे बघत राहिलो. माझ्या डावीकडे.

घड्याळात अर्धा तास भरला, तसा उतरून केबिनपाशी गेलो.
गुरुवार. लाउडस्पीकर मुका.
तोंडापाशी हातांचा द्रोण केला:
सात नंबर, वेळ झाली, परत या!

आले, आले, त्या ओरडल्या
दहा फुटांवरून, धापा टाकत,
वारा उलटा आहे.

सहा मिनिटं उशिरा उतरल्या.
पाच रुपये जादा दिले.
पावती मागून घेतली.